मैदानावरचा प्राध्यापक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कबड्डीच्या संघात माझी निवड झाली, ही गोष्ट मी वडिलांना अजून सांगितलेली नाही. खेळ म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असे आमच्याकडे मानतात. म्हणूनच अमेरिकेतील अमोस अलोन्झो स्टॅग यांची हकीकत वाचनात आली, तेव्हा मी ती एका बैठकीत संपवली.

स्टॅग यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे झाला. वडील जोडे शिवीत. घरात आठ भावंडे. धर्मोपदेशक व्हावे म्हणून ते येल विद्यापीठात गेले आणि अत्यंत काटकसरीने शिकले. बेसबॉलमध्ये त्यांचे एवढे नाव झाले की, धंदेवाईक संघांनी पैसे देऊ केले. गरजू असूनही त्यांनी ते नाकारले. पुढे आपल्याला व्यासपीठावर नीट बोलता येत नाही हे त्यांनी ओळखले आणि तरुणांना मैदानावरच घडवायचे ठरवले.

त्यांचा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात. १८९० साली स्प्रिंगफील्डच्या एका छोट्या प्रशिक्षण विद्यालयात त्यांनी संघ बांधला. त्या संघातील जेम्स नायस्मिथ यांनी पुढच्याच वर्षी बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी स्टॅग यांना बोलावले आणि सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा दिला. खेळ शिकवणारा माणूस इतर प्राध्यापकांच्या पंक्तीला बसला! तेथे त्यांनी ४१ हंगाम काढले व संघाला ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाचे विजेतेपद ७ वेळा मिळवून दिले.

परंतु सत्तरी आली आणि विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले. दुसरे एक पद देऊ केले होते, पण त्यात संघ नव्हता, मुले नव्हती. त्यांनी ते घेतले नाही. १९३३ मध्ये पत्नी स्टेला यांच्यासह ते कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन या गावी, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान महाविद्यालयात गेले. मोठ्या विद्यापीठातून लहान ठिकाणी जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९४३ साली, ८१व्या वर्षी, देशातील प्रशिक्षकांनी त्यांना वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले.

इकडे शिकागोचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी विद्यापीठ हे विद्येसाठीच असावे, या विचाराने १९३९च्या हंगामानंतर तो खेळच बंद केला. स्टॅग यांचे नाव दिलेल्या मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी शास्त्रज्ञांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी घडवली.

हचिन्स आणि माझे वडील, दोघांचे म्हणणे एकच. ते सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणणार नाही. फीचे पैसे कसे उभे राहतात हे मी पाहिले आहे. पण स्टॅग यांनी ना अभ्यास सोडला, ना मैदान. नव्वदी ओलांडल्यावरही ते मुलांना चेंडू लाथाडायला शिकवीत. १९६५ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय १०२ होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना मी आधी परीक्षेचे गुण दाखवणार आहे, आणि मग जोडे शिवणाऱ्याच्या या मुलाची गोष्ट सांगून कबड्डीचा विषय काढणार आहे.