अण्णासाहेब किर्लोस्करांची रात्र

किर्लोस्कर म्हटले की आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पंप आठवतो, लोखंडी नांगर आठवतो, फार तर शेअरचा भाव आठवतो. बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्यांपैकी कितीजणांना दुसरे एक किर्लोस्कर आठवत असतील, कोण जाणे! यंत्रे करणारे लक्ष्मणराव १८६९ साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मले. त्यांच्याआधी सव्वीस वर्षे, ३१ मार्च १८४३ रोजी, त्याच गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मले. नाटकवाले अण्णासाहेब ते हेच. एका किर्लोस्करांनी शेतकऱ्याच्या हाती नांगर दिला. दुसऱ्यांनी शहरातल्या साध्या माणसाला गाण्याची रात्र दिली. नांगराबद्दल पाठ्यपुस्तकात आहे. म्हणून मी रात्रीबद्दल लिहितो.

गाण्याची रात्र दिली म्हणजे काय केले, हे समजायला त्याआधीच्या रात्री कशा होत्या ते पाहिले पाहिजे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी दिवेलागणीनंतर शहरात गाणे नव्हते असे नाही. संस्थानिकांच्या दरबारात गवई होते, पण तिथे तुम्हांआम्हांला कोण बोलावतो? सरदार-सावकारांच्या वाड्यांत बैठकी होत, त्यांनाही ओळखीपाळखीची माणसे. कलावंतिणीच्या माडीवर उत्तम गाणे असे. पण जिना चढताना कोणी पाहिले तर दुसऱ्या दिवशी घरात भांडण. तमाशाला जाणारा उपरण्यात तोंड लपवून जाई. उरले देवळातले कीर्तन आणि भजन. तिथे कोणीही बसावे. पण तिथे आधी देव आणि मग गाणे. हरिदासबुवांनी एखादी तान चांगली घेतली म्हणून पुन्हा म्हणा असे ओरडून चालत नसे. एखादा शाळामास्तर किंवा कचेरीतला कारकून, ज्याला सुरांची ओढ आहे आणि ज्याची अब्रू हीच जिंदगी आहे, त्याने रात्री जायचे कुठे?

अण्णासाहेब स्वतः असेच शाळामास्तर आणि कारकून होते. त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

बालपणीचे शिक्षण घरीच झाले. घराबाहेर कन्नड, घरात मराठी आणि शिकायला संस्कृत. पुढे कोल्हापूर आणि धारवाड येथे शाळा झाली. १८६३ च्या सुमारास ते पुढच्या शिक्षणासाठी पुण्यास गेले, आणि जे व्हायचे ते झाले. अभ्यास मागे पडला, नाटकवाल्यांची संगत पुढे आली. नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्याचे काम हा विद्यार्थी करू लागला. (आमच्या वसतिगृहातल्या एकदोघांना हे वाचून धीर येईल, त्यांनी तो पालकांना दाखवू नये.) १८६६ साली त्यांनी भारतशास्त्रोत्तेजक मंडळी नावाची नाटक मंडळी काढली. ती फार चालली नाही. मग बेळगावात शिक्षकाची नोकरी धरली, पुढे सरकारी नोकरी केली, आणि अखेर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत गेले. मधल्या काळात शांकरदिग्जय हे गद्य नाटक लिहून १८७३ साली छापले. बेळगावच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. पुढे ज्यांनी १८९९ साली शारदा रंगभूमीवर आणले, ते हे देवल. गुरुजी वर्गात काय शिकवीत होते ते आता सांगता येणार नाही, पण वर्गाबाहेर काय शिकवीत होते ते उघड आहे.

अण्णासाहेब ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी, १८४३ मध्ये, सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर हे नाटक केले. मराठी नाटकाचा आरंभ आपण तिथून धरतो. त्याच्या मागची हकीकत या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली होती. तिचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदासांना तसे काही मराठीत करायला सांगितले. म्हणजे मराठी रंगभूमीची वात कन्नड समईवर लागलेली आहे. पुढे देण्याचे उलट टोकही आले. मराठी मंडळ्यांची उत्तर कर्नाटकातली चलती पाहून गदगच्या सक्करी बाळाचार्यांनी, म्हणजे शांतकवींनी, १८७० च्या दशकात कन्नड नाटक मंडळी उभी केली. याला कोणी स्पर्धा म्हणेल. मला तो जमाखर्चाच्या वहीतला उधार-जमा वाटतो, आणि खाते अजून बंद झालेले नाही.

तर विष्णुदासांचे नाटक कसे होते? सूत्रधार सगळी पदे म्हणे. राम, सीता, रावण ही पात्रे त्या आधारावर आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. गाणारा एक, हालणारे दुसरे. तिकीट लावून खेळ करणे हेही अण्णासाहेबांनी सुरू केले असे नाही. विष्णुदासांनी १८५३ सालीच मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तसे खेळ केले होते. मग अण्णासाहेबांचे नवे काय? तर ज्याचे दुःख त्याच्याच तोंडी त्याचे गाणे, हे त्यांचे नवे.

१८८० साली पुण्यात एका पारशी कंपनीचा इंद्रसभा या उर्दू संगीत नाटकाचा खेळ त्यांनी पाहिला आणि असे आपल्या भाषेत का होऊ नये, या ध्यासाने त्यांना घेरले. त्यांनी कालिदासाचे शाकुंतल हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० च्या रात्री पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक झाले. सातांपैकी चारच, कारण बाकीचे अजून तयार नव्हते. दुष्यंत झाले मोरोबा वाघोलीकर. बाळकोबा नाटेकरांसारखा पट्टीचा गाणारा बरोबर होता. स्वतः अण्णासाहेबही रंगभूमीवर उतरले.

त्या रात्रीची मी पुष्कळदा कल्पना करतो. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात सारंगी-तबल्याच्या साथीवर माणसाने मोकळ्या गळ्याने गायचे आणि ते मागच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे. संपूर्ण शाकुंतलात सुमारे दोनशे पदे आहेत. एका पदाला नुसती दोन मिनिटे धरली तरी चारशे मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. त्यात भाषणे आलीच नाहीत, आणि वन्समोअर तर हिशेबाबाहेर! म्हणूनच नाटकाहून परतणारा आणि दूध घालायला निघालेला गवळी यांची वाटेत गाठ पडे.

आणि या पदांच्या चाली कुठल्या? त्यातच अण्णासाहेबांचे खरे धोरण दिसते. साकी, दिंडी, कामदा हे कीर्तनातले वृत्तप्रकार त्यांनी घेतले. लावणीची चाल घेतली. घरात बायका म्हणत त्या गाण्यांची वळणे घेतली. रागदारी घेतली आणि लहानपणापासून कानांवर असलेल्या कन्नड पदांच्या चालीही घेतल्या. दरबारातले, माडीवरचे, फडावरचे आणि देवळातले गाणे, जे आजवर चार वेगळ्या दारांआड होते, ते त्यांनी एका छपराखाली आणले आणि दाराशी तिकीट विकायला माणूस बसवला. दरबारात मान लागतो, माडीवर धीर लागतो, तिकिटाला तिकिटाचे पैसे लागतात. त्या पैशांनी कारकुनाला नुसते गाणे मिळाले नाही. रात्री गाणे ऐकून सकाळी ताठ मानेने कचेरीत जाण्याची सोय मिळाली. कालिदासाच्या नाटकाला गेलो होतो म्हटल्यावर कोण काय बोलणार?

दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, सौभद्राचे पहिले तीन अंक पुण्यातच झाले आणि पुढल्या वर्षी नाटक पुरे झाले. हे भाषांतर नव्हे. अर्जुन आणि सुभद्रा नावाला महाभारतातली, पण घर आपल्या गल्लीतले. थोरला भाऊ एकीकडे लग्न ठरवतो, मुलीचे मन दुसरीकडे आहे, आणि धाकटा भाऊ कृष्ण सगळ्यांना हसत हसत फिरवतो. याच १८८२ साली मंडळीला बडोद्याचा एक तरुण मिळाला, भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या गळ्याने किर्लोस्कर मंडळीचे नाव गावोगाव गेले. भाऊरावांची सुभद्रा पाहिलेला माणूस आता या जगात नाही, तरी जुनी माणसे आजोबांकडून ऐकलेल्या भाऊरावांबद्दल अशी बोलतात की जणू कालच पडदा पडला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात सौभद्राचा प्रयोग झाला तेव्हा मी गेलो होतो. आता नाटक तीन तासांत बसवतात. पदे निम्म्याहून कमी उरतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध कन्नड गृहस्थ होते. भाषणे चालू असताना ते अधूनमधून मला कन्नडमध्ये अर्थ विचारीत. पद सुरू झाले की विचारणे थांबे आणि त्यांचा हात मांडीवर ताल धरी. एकदा तर गायक समेवर यायच्या आधी ते आले. मध्यंतरात कळले की लहानपणी त्यांनी गावच्या जत्रेत रात्रभर कृष्णपारिजात पाहिलेला आहे, आणि त्यांच्या मते तो कृष्ण आणि हा कृष्ण एकाच गावचे. मी वाद घातला नाही. बाहेर पाऊस होता, चहा कडक होता आणि आम्ही दोघे दोन भाषांत एकाच पदाबद्दल बोलत होतो.

पण अण्णासाहेबांनी रात्र सर्वांना उघडली, असे सरसकट म्हणायला माझी लेखणी अडखळते. शकुंतला आणि सुभद्रा पुरुषच होत. ज्या बायकांच्या माड्यांवर हे गाणे पिढ्यानपिढ्या जिवंत राहिले होते, त्यांना या नव्या प्रतिष्ठित छपराखाली जागा नव्हती. गाणे जिना उतरून खाली आले, गाणारी वरच राहिली. कारकुनाच्या अब्रूची किंमत तिने भरली असे मला वाटते. त्या काळात अण्णासाहेब वेगळे काही करू शकले असते का? बहुधा नाही, केले असते तर तो कारकूनच आला नसता. संगीत नाटकात स्त्रियांनी उजळ माथ्याने उभे राहायला १९३० चा सुमार उजाडावा लागला. हिराबाई बडोदेकर त्यांत अग्रणी. अण्णासाहेबांना मोठे म्हणताना ही बाकी खात्यावर दाखवलीच पाहिजे. ती लपवणारा जमाखर्च आमचे सर तपासायलाही घेणार नाहीत.

दुसरा एक प्रश्न आमच्या भागात हमखास निघतो : अण्णासाहेब कोणाचे? दोन्ही बाजूंनी हक्क सांगणारे मी पाहिले आहेत, आणि गंमत अशी की दोघांनीही सौभद्र पुरते ऐकलेले नसते. गुर्लहोसूरचे घर, कन्नड चाली, संस्कृत कथानक, उर्दू खेळाची प्रेरणा, पुण्याचे नाट्यगृह, बडोद्याचा गळा. यातला कुठलाही एक पदार्थ काढून पाहा, पान उष्टे न होताच उठावे लागेल. आजही गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात गावकरी मंडळी स्वतः तोंडाला रंग लावून संगीत नाटके करतात. तिथे कोणी जन्मगाव विचारत नाही, पट्टी कोणती ते विचारतात.

अण्णासाहेबांना सौभद्रानंतर फार दिवस मिळाले नाहीत. रामराज्यवियोग हे तिसरे संगीत नाटक त्यांनी घेतले. १८८४ साली त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. पुढचे लिहायचे होते. प्रकृती खालावली तेव्हा ते गुर्लहोसूरला परतले आणि तिथेच २ नोव्हेंबर १८८५ रोजी वारले. वय बेचाळीस. शाकुंतलाच्या पहिल्या रात्रीपासून पाच वर्षे आणि दोन दिवस झाले होते. मंडळी मोडली नाही. मोरोबा, बाळकोबा, भाऊराव यांनी ती पुढे चालवली, आणि गुरुजींचे अपुरे नाटक होते तसे तीनच अंकांचे करीत राहिले.