आठ कलांचा फरक

फर्स्ट इयरला असतानाची गोष्ट. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये माझ्या ग्राफवरचे दोन बिंदू रेषेबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सबमिशन. रात्री हॉस्टेलवर मी ती दोन्ही रीडिंग्ज खोडली, रेषेवर बसतील अशी लिहिली आणि निवांत झोपलो. जर्नलवर सही मिळाली. मित्रांनो, हात वर करायला सांगत नाही, पण हे आपण सगळेच करतो!

पुढे सुट्टीत योहानेस केप्लरचं चरित्र वाचलं आणि ते दोन बिंदू परत आठवले.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१चा, जर्मनीतल्या वाइल या छोट्या गावातला. लहानपणी देवी आल्या आणि नजर कायमची अधू झाली. म्हणजे आकाशाचा अभ्यास करणाऱ्याला आकाशच नीट दिसत नव्हतं! ट्युबिंगेनला शिकून तो ग्राझमध्ये गणिताचा शिक्षक झाला. तिथून १६०० साली प्रोटेस्टंट म्हणून त्याला हाकललं. मग तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला. दुर्बीण नसतानाही टायकोने वर्षानुवर्षं ग्रहांच्या अत्यंत अचूक नोंदी ठेवल्या होत्या. त्याने केप्लरला मंगळाचं काम दिलं. केप्लरला वाटलं, आठ दिवसांत संपेल. लागली जवळजवळ पाच वर्षं.

१६०१मध्ये टायको गेला आणि नोंदी केप्लरच्या हाती आल्या. ग्रह वर्तुळातच फिरतात, असं त्या काळी सगळेच मानत, अगदी कोपर्निकससुद्धा. केप्लरने वर्तुळ धरूनच गणित मांडलं. पानंच्या पानं आकडेमोड केली. शेवटी फरक उरला फक्त ८ कलांचा. एका अंशात ६० कला असतात. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाहून जरासं जास्त. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. पण टायकोची चूक एवढी मोठी असणारच नाही, याची केप्लरला खात्री होती. म्हणून त्याने रीडिंग बदललं नाही, वर्तुळ टाकून दिलं. दोन हजार वर्षांची समजूत!

१६०९ साली त्याचं पुस्तक आलं. मंगळ लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्याच्या एका नाभीत असतो. सूर्याजवळ येताना ग्रह वेग घेतो, लांब गेला की मंदावतो. त्याला फिरवतं कोण? सूर्यातून चुंबकासारखं काहीतरी बळ निघत असावं, असा केप्लरचा तर्क होता. तो चुकला, पण प्रश्न बरोबर होता.

घरी मात्र हाल. १६११मध्ये बायको आणि एक मुलगा गेला. पुढे आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला आणि म्हातारीला १४ महिने साखळदंडात ठेवलं. केप्लरने तिचा खटला स्वतः लढवला आणि १६२१मध्ये तिला सोडवून आणलं. याच धामधुमीत १६१९ साली तिसरा नियम छापून आला : प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. कॅल्क्युलेटर घ्या. मंगळाचं वर्ष आपल्या १.८८ वर्षांचं, अंतर पृथ्वीच्या १.५२४ पट. वर्ग ३.५३, घन ३.५४. जमलं की नाही?

थकलेले पैसे वसूल करायला निघालेला केप्लर १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्गला वारला. पुढे युद्धात त्याची कबरही नष्ट झाली. १६८७मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला आणि केप्लरचे तिन्ही नियम त्यातून सिद्ध करून दाखवले.

परवा लॅबमध्ये पुन्हा एक बिंदू रेषेबाहेर पडला. या वेळी तसाच ठेवला. ओरलला सरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मला कारण सांगता आलं नाही, मार्क गेले. पण त्या बिंदूचं कारण मी अजून शोधतोय. फर्स्ट इयरच्या त्या दोन बिंदूंचं मात्र आता कधीच कळणार नाही.