देवळालीचे मास्तर आणि ९७ ची गंमत

६१७४ वाले कापरेकर ऐकलेत ना? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर.

२१ मध्ये त्याचेच अंक मिळवा: २१+२+१=२४. म्हणजे २४ चा जनक २१. पण ९७ ला असा जनकच नाही, शिवाय ती मूळ संख्या! अशा बिनजनकाच्या संख्यांना त्यांनी चक्क गावाचं नाव दिलं: देवळाली संख्या.

इथले अनेक विद्वान याला पोरखेळ समजले. बायको गेल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून मास्तर शिकवण्या घेत. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. वय तेव्हा सत्तर. १९८६ मध्ये ते गेले.