जोसेफ ब्रामा : अडकलेला दरवाजा उघडणारी ताकद

महामार्गावर दोन गाड्यांची समोरासमोर धडक होते. दरवाजे चेपतात, डॅशबोर्ड आत घुसतो आणि चालकाचे पाय त्याखाली अडकतात. अशा वेळी पहारीने ओढाओढ केली, तर प्रत्येक हिसक्याबरोबर मानेला किंवा पाठीच्या कण्याला आणखी इजा होऊ शकते. यांत्रिक करवतीच्या ठिणगीने सांडलेले पेट्रोल पेटू शकते. म्हणून बचाव पथक आधी ठोकळे लावून गाडी स्थिर करते. एक जण जखमीच्या मानेला आधार देतो आणि मग हायड्रॉलिक स्प्रेडरची टोके दरवाजाच्या फटीत जातात. ती सावकाश फाकतात, ना हिसका ना ठिणगी, आणि दरवाजा निघून येतो. हाती धरता येणाऱ्या या अवजाराचा जोर काही टनांचा असतो. त्या जोराचे मूळ सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधील एका सुताराने बनवलेल्या यंत्रात आहे. त्यांचे नाव जोसेफ ब्रामा.

ब्रामा यांचा जन्म १७४८ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बार्न्सलीजवळच्या स्टेनबरो गावी झाला. वडील कुळाने शेती करत आणि मुलानेही नांगर धरावा, अशीच रीत होती. पण सोळाव्या वर्षी अपघातात त्यांच्या पायाला दुखापत झाली आणि ते कायमचे लंगडे झाले. शेतीचे कष्ट झेपणार नाहीत म्हणून त्यांना गावातल्या सुताराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. काम शिकून झाल्यावर हा तरुण पायीच लंडनला गेला.

तिथे श्रीमंतांच्या घरी पाण्याचे संडास बसवण्याचे काम त्यांना मिळाले. जुन्या रचनेतील दोष दूर करून त्यांनी १७७८ मध्ये स्वतःच्या संडासाचे पेटंट घेतले. १७८४ मध्ये कुलपाचे पेटंट मिळवले. ते किल्लीविना उघडणाऱ्याला २०० गिनी देण्याची पाटी त्यांच्या पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत लागली. कुलूप उघडले ते थेट १८५१ मध्ये. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराला त्यासाठी १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १७९५ मध्ये पेटंट घेतलेले हायड्रॉलिक प्रेस. त्यामागचे तत्त्व नवे नव्हते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकातच मांडले होते. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोचा भार दिला, तर १०० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १,००० किलोचा जोर मिळतो. मात्र लहान दट्ट्या एक मीटर सरकला, की मोठा जेमतेम एक सेंटिमीटर हलतो. जोर वाढतो, अंतर घटते. स्प्रेडरची टोके सावकाश फाकतात, त्याचे एक कारण हेच.

कागदावर सोपे असलेले हे तत्त्व कारखान्यात अडले ते गळतीवर. दाब वाढला, की मोठ्या दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर येई. फट घट्ट बुजवावी, तर दाब काढल्यावर दट्ट्या परत फिरत नसे. तोडगा निघाला तो चामड्याच्या साध्या कड्यातून. आडव्या छेदात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे दिसणाऱ्या या कड्याचे तोंड पाण्याच्या बाजूला असे. दाब वाढला, की पाणीच त्याची कड दट्ट्यावर दाबून धरी. दाब उतरला, की कड सैल पडे. ही कल्पना ब्रामा यांच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले यांची होती, असे मानले जाते. पुढे मॉडस्ले यांनी पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली आणि १७९७ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. यंत्रनिर्मितीच्या इतिहासात त्यांचे नाव गुरूइतकेच मोठे झाले.

ब्रामा यांनी पुढे बीअर उपसण्याचा पंप आणि नोटांवर क्रमांक छापणारे यंत्रही बनवले. १८१४ च्या हिवाळ्यात हॅम्पशायरच्या होल्ट जंगलात त्यांचे हायड्रॉलिक यंत्र झाडे मुळासकट उपटत होते. देखरेखीसाठी साठी ओलांडलेले ब्रामा स्वतः थंडीत उभे राहिले. सर्दीचे रूपांतर न्यूमोनियात झाले आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रेसने पुढे कापसाचे गठ्ठे दाबले, पुलांचे अजस्र भाग उचलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांच्या कंपनीने हाच जोर हाती धरण्याच्या अवजारात आणला आणि तो मोटार शर्यतींतील अपघातांत, नंतर रस्त्यांवर, जीव वाचवू लागला. आता पाण्याऐवजी विशेष तेल आणि चामड्याऐवजी रबरासारखे कृत्रिम पदार्थ असतात. दाब ७०० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट, जातो. पण अडचण ब्रामा यांच्या काळातलीच आहे. कडे झिजले किंवा नळी गळू लागली, की दाब टिकत नाही आणि ऐन वेळी टोके फाकत नाहीत. गाडीत अडकलेल्या जखमीसाठी तेव्हा मिनिटे मोलाची असतात. म्हणूनच या अवजारांची गळती अपघाताची वाट न पाहता नियमित तपासावी लागते.