गॉर्डन हॉल साहेब व त्यांच्या शाळा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत सन १६४७ त एक कायदा झाला. ज्या गावी पन्नास घरे असतील त्याने मुलांस लिहिणेवाचणे शिकविणारा पंतोजी ठेवावा, आणि शंभर घरे झाली म्हणजे व्याकरणशाळा काढावी. हेतू उघड होता: प्रत्येकाला शास्त्र स्वतः वाचता यावे. मात्र धर्मासाठी समुद्र ओलांडून आलेल्या ह्याच लोकांनी मतभेदाकरिता रॉजर विल्यम्स यांस १६३५ साली हद्दपारीची शिक्षा दिली, हेही आम्ही सांगितले पाहिजे.

त्याच प्रांतात ८ एप्रिल १७८४ रोजी गॉर्डन हॉल जन्मले. विल्यम्स कॉलेजात शिकून १८१२ साली त्यांनी दीक्षा घेतली व ते हिंदुस्थानास निघाले. कंपनी सरकारास मिशनरी नको होते. शिवाय त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांचे युद्ध जुंपले. कलकत्त्याहून निघण्याचा हुकूम झाला, तेव्हा हॉल व सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. येथेही गव्हर्नर नेपियन साहेबांनी त्यांस विलायतेस रवाना करण्याचे ठरविले. ते दोघे गुपचूप कोचीनपर्यंत गेले. तेथून परत आणले गेले. हॉल साहेबांनी अर्जांमागून अर्ज केले, आणि अखेर राहण्याची परवानगी मिळाली.

मग ते मराठी शिकून रस्त्यारस्त्यांत बोलू लागले. १८१५ साली शाळा निघाली. पुढे शाळा वाढल्या. बेने इस्रायल मुलांसाठीही निघाल्या. बहुतेक पंतोजी हिंदूच असत. आईबापांस अक्षर व हिशेब हवा होता, साहेबांस मुलांच्या हाती शुभवर्तमान द्यावयाचे होते. दोघांसही एकमेकांचा हेतू ठाऊक होता. ह्यात फसवणूक होती असे आम्हांस वाटत नाही. बाप्तिस्मा घेणारे हॉल साहेबांच्या हयातीत फारच थोडे निघाले, तरी शाळा बंद झाल्या नाहीत.

१८१६ साली बार्डवेल साहेब आल्यावर छपाईचे काम सुरू झाले. दोन वर्षांनी ग्रेव्ह्ज साहेब माहीमास राहू लागले. आम्हां वरळीकरांस माहीम म्हणजे शेजारचेच गाव. पण त्या काळी मिशनच्या मुख्य ठाण्यापासून ते तीन कोस दूर धरीत. १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात जे स्पष्ट लिहिले नव्हते ते येथे आरंभिले गेले.

१८२६ साली हॉल साहेब नाशिकास गेले. तेथे महामारीचा कहर होता. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांस वाटून टाकली. परतताना दोडी-दापूर येथे देवळाच्या ओसरीत त्यांस स्वतःस पटकी झाली, तेव्हा पेटीत औषध उरले नव्हते. २० मार्च रोजी, बेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधी, ते वारले. पत्नी व मुले आधीच अमेरिकेस गेली होती. बरोबरच्या दोघा तरुणांनी त्यांस माती दिली.

त्याच वर्षी मराठी नव्या कराराची छपाई पुरी झाली. पुढल्या वर्षी मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळांकरिता मुंबईस आल्या व १८३९ साली अहमदनगरास गेल्या. तेथील त्यांची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यास स्वतःची मुलींची शाळा काढली.