मालवणचे घुर्ये आणि मुंबईचे समाजशास्त्र

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला संस्कृतज्ञ आणि कायदेपंडित भरभरून दिले. घुर्येही त्याच वाटेने निघाले होते. मुंबई आणि जुनागढ येथे शिक्षण घेऊन ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले, १९१६ मध्ये संस्कृत घेऊन बी.ए. झाले आणि १९१८ मध्ये एम.ए.ला चान्सलर सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्याच महाविद्यालयात ते संस्कृत शिकवू लागले. पुढचे आयुष्य जणू आखूनच ठेवलेले होते.

ते बदलले एका शिष्यवृत्तीमुळे. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराकडे सोपवली. हा विषय शिकवू शकेल असा माणूस घडवण्यासाठी विद्यापीठाने एका तरुणाला परदेशी पाठवायचे ठरवले. घुर्ये गेडिस यांच्या व्याख्यानांना बसले, मुंबई शहरावर त्यांनी निबंध लिहिला आणि त्यांची निवड झाली. समाजशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ती तेव्हा या देशात फारशी कोणाजवळ असणेही शक्य नव्हते. विद्यापीठाने पैसा लावला तो माणसाच्या वकुबावर.

१९२० मध्ये ते लंडनला गेले. तेथे हॉबहाऊस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे मन रमेना, म्हणून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. रिव्हर्स मूळचे वैद्यक आणि मानसशास्त्रातले, पण नातेसंबंधांच्या अभ्यासात अग्रणी. हा गुरू घुर्ये यांना फार मानवला. मात्र जून १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले आणि ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली जातिसंस्थेवरील प्रबंध पुरा झाला. याच अभ्यासातून पुढे १९३२ मध्ये भारतातील जात आणि वंश यांविषयीचा त्यांचा गाजलेला ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला.

१९२४ मध्ये घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा तो विभाग बंद पडण्याच्या बेतात होता. १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि १९५९ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. पस्तीस वर्षे! या काळात त्यांच्या हाताखाली सुमारे ८० प्रबंध लिहिले गेले. स्वतः घुर्ये ग्रंथांत रमणारे. पण विद्यार्थ्यांना ते गावोगाव, जातीजातींत, जमातीजमातींत पाठवत. विषय बहुधा तेच सुचवत. संशोधनवृत्ती कोणाला मिळावी यात त्यांचा शब्द वजनदार असे, आणि देशात समाजशास्त्राच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्याने तो शब्द एखाद्याचे आयुष्य ठरवू शके.

इरावती कर्वे यांचे उदाहरण बोलके आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचे इंग्रजांनी पुढे पारितोषिके आणि पाठ्यवृत्ती यांत रूपांतर केले होते. तीच दक्षिणा पाठ्यवृत्ती घेऊन इरावतीबाईंनी घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये त्या एम.ए. झाल्या. ज्या पैशाचा जन्म स्त्रीशिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रथेत झाला, तो अखेर एका स्त्रीच्या संशोधनाला कामी आला, हे विशेषच. पुढे बर्लिनला जाण्यासाठी मात्र त्यांना जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. मुरुडचे सुपुत्र असलेले सासरे महर्षी कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता.

दुसरे उदाहरण म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांचे. ते मुंबईला आले आणि त्यांचा म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब या विषयावरील एम.ए.चा प्रबंध १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आला. घुर्ये यांनी त्यांना संशोधनवृत्ती दिली, दक्षिणेत हिंडायला लावले. कूर्गमधील त्यांचे क्षेत्रकार्य याच काळातले. १९४५ मध्ये श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले आणि जुनी सामग्री नव्या सिद्धांताच्या चौकटीत मांडली. १९५२ मध्ये निघालेल्या कूर्गवरील ग्रंथाने त्यांचे नाव जगभर झाले. श्रेय ऑक्सफर्डच्या खात्यावर जमा झाले. सामग्री मात्र मुंबईच्या वृत्तीवर गोळा झालेली होती. गुरुशिष्यांतील अंतर वाढत गेले. घुर्ये यांचा करडा स्वभाव त्याला कारणीभूत होताच, पण सगळ्या किल्ल्या एकाच हाती असल्या की असे होणे टळतही नाही.

तरीही या माणसाने शिष्यांच्या विचारांवर पहारा बसवला असे म्हणता येणार नाही. ए. आर. देसाई कडवे मार्क्सवादी; घुर्ये यांची दृष्टी नेमकी उलट, संस्कृत ग्रंथांतून आणि हिंदू परंपरेतून समाज पाहणारी. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील देसाईंचा प्रबंध घुर्ये यांच्याच हाताखाली झाला. घुर्ये यांचे स्वतःचे काही निष्कर्ष मात्र वादग्रस्त ठरले. आदिवासी हे मागे राहिलेले हिंदूच होत, ही १९४३ मध्ये व्हेरिअर एल्विन यांना उत्तर देताना त्यांनी मांडलेली भूमिका आज अनेक अभ्यासकांना मान्य नाही.

डिसेंबर १९५१ मध्ये त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू केले. तोवर छापायला जागा नसलेल्या तरुण संशोधकांची मोठीच सोय झाली. १९५१ मध्येच श्रीनिवास बडोद्याला नव्या विभागाचे प्रमुख झाले होते. १९५९ मध्ये घुर्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी श्रीनिवास दिल्लीला गेले आणि समाजशास्त्राचे नवे केंद्र तेथे उभे राहू लागले. घुर्ये लिहीत राहिले. तीसहून अधिक ग्रंथांपैकी बरेच निवृत्तीनंतरचे आहेत. १९७३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. २८ डिसेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी देशभरच्या विभागांतून शिकवत होते.