घड्याळकार जॉन हॅरिसन

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे दर चार मिनिटांस एक अंश. सोडलेल्या बंदराची वेळ दाखविणारे बिनचूक घड्याळ जहाजावर असल्यास, माध्यान्हीच्या सूर्यावरून तेथील वेळ ठरवून आपण किती रेखांश दूर आलो हे कळते. परंतु समुद्राचे हेलकावे नि हवेतील फेरफार सोसून अचूक चालेल असे घड्याळ अठराव्या शतकाच्या आरंभी नव्हते. १७०७ साली वाट चुकून इंग्रजांची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटली व हजाराहून अधिक माणसे बुडाली. पुढे १७१४ मध्ये पार्लमेंटने रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगणारा उपाय शोधणारास वीस हजार पौंडांचे पारितोषिक जाहीर केले.

हे कार्य तडीस नेले एका सुताराच्या मुलाने. जॉन हॅरिसन १६९३ मध्ये यॉर्कशायर परगण्यात जन्मले. वडिलांचाच व्यवसाय करीत त्यांनी विशीत लाकडी चक्रांचे घड्याळ बनविले. उष्णतेने लंबक लांबतो व घड्याळ मागे पडते. यासाठी त्यांनी पितळेच्या व पोलादाच्या सळ्या अशा जोडल्या की, एकीची वाढ दुसरीने भरून निघावी.

त्यांचे पहिले सागरी घड्याळ सुमारे ३४ किलो वजनाचे होते. १७३६ साली ते लिस्बनला नेण्यात आले. गोव्याकडे येणारी पोर्तुगीज जहाजे याच बंदरातून निघत. परतीच्या वाटेवर कप्तानाचा अंदाज चुकला, हॅरिसन यांचा खरा ठरला. तरी त्यांचे समाधान झाले नाही. तिसऱ्या घड्याळावर त्यांनी एकोणीस वर्षे वेचली. आणि अखेर मोठ्या यंत्राची वाट सोडून, १७५९ साली केवळ १३ सेंटिमीटर व्यासाचे चौथे घड्याळ पूर्ण केले. जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत ते अवघे पाच सेकंद मागे पडले!

तरीही परीक्षक मंडळाने नव्या अटी घातल्या. १७६५ साली, घड्याळाची रचना उघड करून दाखविल्यावर, निम्मी रक्कम मिळाली. शेवटी राजा तिसरा जॉर्ज यांनी त्यांच्या पाचव्या घड्याळाची जातीने परीक्षा घेतली आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचे होते. २४ मार्च १७७६ रोजी ते निवर्तले.

आज लेसर-प्रकाशाची कंपने मोजणारी घड्याळे तयार झाली आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेतही त्यांवर संशोधन चालते. हा लेसर दोन आरशांच्या आधारे स्थिर ठेवतात. त्या आरशांतील अंतर अणूच्या व्यासाहूनही कमी बदलले, तरी प्रकाशाचा ठेका ढळतो. म्हणून असे घड्याळ प्रयोगशाळेबाहेर नेताना शास्त्रज्ञांना उष्णता व हादरे या हॅरिसन यांच्याच जुन्या शत्रूंशी झुंजावे लागते. घरात अचूक असणे पुरेसे नाही; प्रवासाचे धक्के खाऊनही जे ढळत नाही, तेच खरे अचूक, हा धडा या सुतारपुत्राने आपल्या चाळीस वर्षांच्या तपश्चर्येने जगास दिला.